रक्तातला विळा आणि बी.एस्सी.चा विद्यार्थी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत 'सिकलसेल' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून हे नाव. गावोगाव तपासण्या झाल्या आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याचे अभियान सुरू केले आणि लोकांच्या हाती तपासणीची कार्डे आली. कार्डावर अक्षरे असतात, एएस किंवा एसएस. आता या अक्षरांचा अर्थ घरात सांगायचा कोणी? अर्थातच घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. २०११ पासून या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी मुले घराघरातून निघू लागली आहेत. तेव्हा श्रोतेहो, आज मी रोगाबद्दल थोडे आणि या मुलांच्या समजावून सांगण्याबद्दल अधिक बोलणार आहे.

परीक्षेत सिकलसेलवर प्रश्न आला की विद्यार्थी साधारण असे लिहितो : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, म्हणून पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, म्हणून रक्तक्षय होतो. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण घरी आई विचारते, "बाबू, रोवणीच्या दिवसांतच पोराचे हातपाय काहून दुखते?" आणि आमचा पदवीचा विद्यार्थी गप्प बसतो. त्याच्या उत्तरात दोन 'म्हणून' होते. खरी गोष्ट त्या दोन 'म्हणून'च्या आत दडलेली होती, आणि ती उघडून पाहायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे केवळ आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी एक गमतीचा प्रयोग केला; तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना विचारले, शिवणयंत्र, कुलूप, कपड्याची चेन, या वस्तू कशा चालतात ते तुम्हाला किती समजले आहे? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग सांगितले, आता पायरीपायरीने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर मंडळी अडखळली, आणि पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी आपले गुण आपणच कमी केले. रोज हाताखालच्या शिवणयंत्राची ही गत, तर डोळ्याला न दिसणाऱ्या हिमोग्लोबिनची काय सांगावी!

तर तो पहिला 'म्हणून' उघडून पाहू. हिमोग्लोबिन फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. प्राणवायू उतरवून दिला की त्याचा आकार किंचित बदलतो. सिकलच्या हिमोग्लोबिनमध्ये ते बदललेले व्हॅलीन अशा वेळी शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा चिकटतो, चौथा चिकटतो, आणि लांब कडक दोरे तयार होतात. ते दोरे पेशीला आतून ताणून वाकडी करतात. मात्र हे दोरे एका क्षणात होत नाहीत, थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात पेशी बारीक नळ्यांतून सुटून फुप्फुसाकडे परतली, तर तिला पुन्हा प्राणवायू मिळतो आणि काही बिघडत नाही. सगळा खेळ या वेळेचा आहे. थंड चिखलात तासन्‌तास उभे राहिले की कातडीजवळच्या नळ्या आकसतात, रक्त मंदावते, पेशीला वाटेत उशीर होतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना घाम जातो आणि पाणी पोटात जात नाही. मग पेशीच्या आतले पाणी घटते, हिमोग्लोबिन दाट होते आणि दोरे फारच लवकर बनतात. ताप आला तरी तसेच. वाकडी पेशी नळीत अडकते, पुढच्या मांसाला, हाडाला प्राणवायू मिळत नाही, आणि ती कळ उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. रक्तक्षय होतो तो त्यामुळे. केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो का भरून निघत नाही, हेही इथे कळते.

आईला उत्तर मिळाले, आणि उत्तराबरोबर उपायही मिळाला : भरपूर पाणी, ऊब, तापाकडे लगेच लक्ष.

अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात केलेब ट्रुहियो, ट्रेव्हर अँडरसन आणि नॅन्सी पेलाएझ यांनी जीवशास्त्राचे जाणकार एखादी घडण कशी समजावून सांगतात ते बसून ऐकले आणि २०१५ साली त्याचा निष्कर्ष मांडला. जाणकारांच्या सांगण्यात चार गोष्टी त्यांना दिसल्या : हे कळले कोणत्या पद्धतीने, ते कशासारखे आहे, त्याचा संबंध कुठे पोचतो, आणि ते घडते कसे. पुढे त्यांनी हीच चौकट विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरली. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'घडते कसे' हे निदान थोडेफार असते. 'कळले कसे' हे बहुधा गाळलेले असते, आणि माझ्या मते मोठे नुकसान तिथेच होते.

कारण ती हकीकत फार रंजक आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन छापले. त्यांचा रोगी स्वतः दंतवैद्यकीचा विद्यार्थी होता. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की प्राणवायू काढला की पेशी वाकते आणि परत दिला की सरळ होते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिने वेगळी चालतात हे पाहून दोष रेणूतच आहे असे सिद्ध केले. १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका एका घटकाचा आहे हे शोधले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि १९५८ साली नागपूरकडे ही पेशी नोंदली गेली. आणि प्रयोगाचे म्हणाल तर तो आपल्या गावातही होतो. तपासणीच्या नळीत रक्ताचा थेंब टाकल्यावर द्रावण गढूळ होते आणि मागच्या रेषा दिसेनाशा होतात, ते का? नळीतल्या रसायनाने प्राणवायू काढून घेतलेला असतो आणि सिकलचे हिमोग्लोबिन विरघळून राहत नाही म्हणून. मात्र गढूळपणा वाहकाच्या रक्तातही येतो. रोगी की वाहक, हे ठरवायला पुढची तपासणी लागते. हे ज्याला ठाऊक आहे तो गढूळ नळी पाहून कोणाला घाबरवणार नाही.

उपमेचेही तसेच. पाटाने बांधीत पाणी येते, पाटात काड्या आडव्या अडकल्या की खालचा धान वाळतो; ही उपमा आपल्या भागात कोणालाही पटेल. पण ती कुठे तुटते तेही सांगायला हवे. पाटातली काडी बाहेरून येते, इथे वाहणारी पेशीच वाटेत काडी होते. आणि ही काडी प्राणवायू मिळाल्यावर पुन्हा गोल होऊ शकते. पुन्हापुन्हा वाकल्यावर मात्र ती कायमची वाकडी राहते.

आणखी एक खोड शिक्षकांनी लक्षात ठेवावी. विद्यार्थी लिहितात, "हिवतापापासून वाचण्यासाठी शरीराने रक्त बदलले." हा 'साठी' फसवा आहे. रक्ताने काही ठरवले नव्हते. बदल योगायोगाने झाला. एका पालकाकडूनच तो आलेली मुले, म्हणजे एएस, घातक हिवतापात अधिक संख्येने तगली, त्यांना मुलेबाळे झाली, आणि हिवतापाच्या मुलखात तो बदल टिकून राहिला. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत हे दाखवले. 'साठी'वर विश्वास ठेवणारा म्हणेल, आपल्याला काय भीती हिवतापाची! पण वाहकालाही हिवताप होतो, आणि एसएस रोग्याला तर तो जिवावर बेतू शकतो. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात एका चुकीच्या शब्दाची किंमत एवढी मोठी आहे.

तीच गोष्ट वंशाच्या हिशोबाची. दोघेही एएस असले तर "चार मुलांत एक आजारी" असे मुले लिहितात. तसे नाही. प्रत्येक गरोदरपणात चारांत एक, अशी ती शक्यता आहे; एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली असे होत नाही. आणि एसएस मुलाला एक एस आईकडून आलेला असतो तसाच दुसरा बापाकडून. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्या घरात ही एक ओळ नीट सांगणारी मुलगी असावी. एएस म्हणजे रोगी नव्हे, पण लग्नाआधी दोघांनी कार्डे पाहावीत, हेही तिनेच सांगावे.

ही मुले पुस्तक बहुधा इंग्रजीत वाचतात, वर्गात मराठी ऐकतात, आणि घरी कोणी गोंडी बोलते, कोणी माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. मी तर म्हणेन प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा पुस्तक मिटवून विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या बोलीत सांगायला लावावे. व्हॅलीनला व्हॅलीनच म्हणू द्यावे. पण 'म्हणून' आला की थांबवून विचारावे, म्हणजे कसे?

आणि एक प्रश्न वर्गात जरूर टाकून पाहावा, याचे उत्तर पाठ करून देता येत नाही : एसएस असलेले बाळ जन्मल्यानंतर पहिले काही महिने ठणठणीत का असते? ज्याच्या हाती ती साखळी आहे तो शोधत जाईल. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात बीटा साखळीच नसते, ते दोऱ्यांत नीट गुंफले जात नाही. जन्मानंतर हळूहळू ते कमी होत जाते आणि तेव्हा दुखणे सुरू होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. डॉक्टरांनी ते दिले असेल तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने का सोडायचे नाही, हे घरी सांगायला आता त्या विद्यार्थ्याला वही लागणार नाही.