मात्रा थोडी, वाद मोठा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि १९५६ साली ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. किरणोत्साराचे उपकार आणि त्याची धास्ती, दोन्ही मुंबईला जुनी आहेत.

आपल्या चर्चेचा विषय किरणोत्साराच्या शंभर मिलिसिव्हर्टखालच्या मात्रांचा. त्याच्या वर मात्रेबरोबर कर्करोगाचा धोका वाढतो, याबद्दल फारसे दुमत नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या सुमारे १,२०,००० जणांचा १९५० पासून चाललेला अभ्यास हा त्याचा मुख्य आधार. पण मात्रा आणि धोका जोडणारी तीच रेषा सरळ शून्यापर्यंत ओढायची, की एका मर्यादेखाली पेशी आपली डागडुजी करून घेतात असे मानायचे? २००५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने या सरळ रेषेवर आक्षेप घेतला. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने तीच उचलून धरली.

पुरावेही एका बाजूला झुकत नाहीत. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सार जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त. तिथल्या सुमारे ७०,००० रहिवाशांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासात थोड्या मात्रांमध्येही धोका दिसला. कर्करोग मुळातच इतका सर्रास होतो, की त्यात पडलेली किंचित भर हेरायला लाखो माणसे आणि अनेक दशके लागतात.

वाद मिटेपर्यंत नियम थांबत नाहीत. नैसर्गिक आणि वैद्यकीय किरणोत्सार वगळता सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये याच्या कित्येक पट मात्रा मिळते. मर्यादा सावधगिरीची आहे, ती ओलांडली की आजार होतो असे नव्हे. पण हे रुग्णाला कोण सांगणार? तो विचारतो, “डॉक्टर, याने काही होणार नाही ना?” आपण “छे, काही नाही” म्हणून मोकळे होतो. हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. म्हणून माझी एकच मागणी: निरोप घेण्यापूर्वी, सीटीच्या खोलीबाहेर लावता येईल असा एक मराठी परिच्छेद सर्वांनी मिळून लिहावा. तपासणीचा फायदा, संभाव्य धोका आणि विज्ञानाचा आजचा संभ्रम, तिन्ही त्यात असावे.

निवास-भोजनात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र कोणी कोणाला सांभाळून घेऊ नये.