आवाज वाढवू नका, जवळ या

"मशीन बसवलं ना? मग सारखं 'काय, काय' का विचारतो?" ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांच्या घरी हे वाक्य मी फार वेळा ऐकते. आजची माझी मिनिटं याच वाक्याला देते.

शांत खोलीत हेच मूल आजीशी छान गप्पा मारतं. वर पंखा, बाजूला टीव्ही, आत कुकर सुरू झाला की शब्द हरवतात. यात मुलाचा हट्ट नाही, दुर्लक्षही नाही. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण 3500 असतात. इम्प्लांटच्या तारेवर त्यांचं काम करणारे इलेक्ट्रोड, कंपनीनुसार, 12 ते 22. तेही कानातल्या खारट द्रवात, म्हणून एकाचा विद्युतप्रवाह शेजाऱ्याच्या हद्दीत पसरतो. आपली चाळण मैद्याची, यांची मोठ्या भोकांची. शब्दांच्या पिठाबरोबर गोंगाटाचा कोंडाही खाली येतो. इम्प्लांटच्या कानावर लावायच्या भागाचा, म्हणजे प्रोसेसरचा, आवाज वाढवणं म्हणजे ती चाळण जोरात हलवणं: पीठही जास्त, कोंडाही जास्त. इथे कोंडा चाळणीत पडण्याआधीच कमी करावा लागतो, आणि ते काम बोलणाऱ्याचं आहे.

म्हणून जवळ या. अंतर निम्मं केलंत, तर तुमचा आवाज प्रोसेसरच्या मायक्रोफोनपाशी सुमारे 6 डेसिबलने वाढतो. पंख्याचा तेवढाच राहतो. स्वयंपाकघरातून हाका मारू नका. ओरडूही नका, ओरडताना शब्दांचा आकार बिघडतो. टीव्ही बंद करा, समोर बसा, मग बोला.

वर्गात बाईंना प्रत्येकाजवळ जाता येत नाही, हे खरं. त्यासाठी गळ्यात घालायचा वायरलेस मायक्रोफोन मिळतो. तो तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. बाईंचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये जातो, म्हणजे बाई जवळ आल्याच की! पण कित्येक घरांत तो कपाटात पडून असतो, "शाळेत हरवेल" म्हणून. अहो, मग घेतला कशाला? बाईंनो, तुम्हालाही विनंती: मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देणार असेल, तर माइक त्याच्या हातात द्या, नाहीतर त्याचं उत्तर तुम्ही पुन्हा सांगा.

मंगल कार्यालयातला बँड, दोन्ही कानांना इम्प्लांट असल्याचा गोंगाटातला फायदा, यावर बोलायचं होतं, पण वेळ संपत आली. एवढं तरी आज रात्री करा: जेवताना टीव्ही बंद, आणि मूल तुमच्या शेजारी. जवळ, बरं का.