मैफिलीआधीचा गृहपाठ

एप्रिल संपत आलाय. ३० तारखेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, युनेस्कोनं तो २०११ मध्ये जाहीर केला. त्या निमित्तानं मुंबईतही मैफिली होतात, म्हणून आज थोडा गृहपाठ करूया.

आधी एक कबुली देतो. माझ्या पहिल्या जॅझ मैफिलीतून मी मध्यंतरातच घरी आलो होतो. सुरुवातीची धून आवडली, पण पुढे ती गेली कुठे तेच कळेना. शेजारचे लोक मधेच टाळ्या वाजवायचे, मला वाटायचं, संपलं का? त्या रात्रीचा उत्तरार्ध आता कुठेच मिळायचा नाही, ही चुटपुट अजून आहे.

तर पहिला व्हिडिओ, माइल्स डेव्हिसची 'सो व्हॉट'. स्टुडिओत ती २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झाली आणि बरोबर महिन्यानं, २ एप्रिलला, टीव्हीसाठी वाजवली गेली. दोन्ही लागोपाठ ऐका. टीव्हीवरची लय चढी आहे, सोलो तर वेगळेच आहेत. मग तेच काय राहिलं? आवर्तन! चार-चार ठोक्यांचे बत्तीस तुकडे म्हणजे एक आवर्तन. त्यातले सतरा ते चोवीस हे तुकडे अर्धा सूर वर चढतात, मग सगळे परत खाली येतात. तबल्याबरोबर सम शोधतो ना आपण, तसं ते वर चढणं पकडा. एकदा सापडलं की हरवायला होत नाही.

आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला की माइल्सकडे बघा. तो चक्क बाजूला जाऊन उभा राहतो. सोलो संपला की टाळी पडते ती त्या एका वादकाला.

दुसरं नाव आपल्या ओळखीचं, लुई बँक्स. 'मिले सुर मेरा तुम्हारा' घडवण्यात अशोक पत्कींबरोबर त्यांचाही हात होता. त्यांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघताना पियानोइतकंच ड्रमर आणि बासवाल्याकडे लक्ष द्या. कोण कुणाला खुणावतंय, तेही बघा.

फक्त एक करा, व्हिडिओतलं जसंच्या तसं तिथे शोधू नका. त्या रात्री ते नवीनच काहीतरी वाजवतील. आणि हो, मध्यंतरानंतर थांबा!

भेटू पुढच्या भागात.