ट्यूलिपचा हिवाळा, गुलछडीचा वैशाख



दर वसंतात पुण्यातली बरीच मंडळी श्रीनगरची ट्यूलिपची बाग पाहून येतात आणि आल्याबरोबर विचारतात, "आपल्या गच्चीवर हे येईल का?" येईल. मात्र खत-मातीच्या आधी कंदाचं वेळापत्रक समजून घ्यायला हवं.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरउतारांवरचा. कोरडा उन्हाळा तो जमिनीखाली काढतो, आणि त्याच काळात कंदाच्या पोटात पुढच्या मोसमाची कळी तयार होते. लागवडीच्या वेळी कंद उभा चिरून भिंगातून पाहा. इवल्याशा पाकळ्या आणि पुंकेसर आत जागच्या जागी असतात. अडतं ते दांड्यापाशी. दांडा लांबायला 12 ते 14 आठवडे 5 ते 9 अंशांची थंडी लागते. श्रीनगरला झबरवान डोंगरांच्या पायथ्याशी नोव्हेंबरात लावलेल्या कंदांना ती आयती मिळते. आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगरला एखाद्या पहाटे पारा 10 च्या खाली गेला, तरी दुपारी तो तिशीकडे सरकतो. अशा हवेत थंडी न खाल्लेला कंद लावला, तर पानं येतात आणि फूल पानांच्या बेचक्यातच खुरटतं.

म्हणून पुण्यात हिवाळा फ्रिजमध्ये करायचा. कंद घेतानाच विचारा, याला थंडी देऊन झाली आहे का? झाली असेल तर वेळ न दवडता लावा. नसेल तर सप्टेंबरअखेर कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. आणि त्या फ्रिजमध्ये सफरचंदं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं आतली कळी मरते. कंद वरून टणक, निरोगी दिसतो. घात झाल्याचं कळतं ते थेट फेब्रुवारीत. माझ्या मते घरच्या लागवडीत सगळ्यांत जपायची गोष्ट हीच.

लागवड डिसेंबरच्या उत्तरार्धात, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. फ्रिजमधून काढलेला कंद थेट मातीत जावा. चार दिवस उबेत पडून राहिला तर दिलेली थंडी वाया जाऊ शकते. पोयटा माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. खोल कुंडीत टोक वर करून, कंदावर त्याच्या उंचीच्या दुप्पट माती येईल असा लावा. कंदाची एक बाजू चपटी असते; ती कुंडीच्या काठाकडे ठेवली की पहिलं मोठं पान बाहेरच्या बाजूला झुकतं आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. एकदा भरपूर पाणी द्या, नंतर माती फक्त ओलसर ठेवा. कुंडी उत्तरेच्या सावलीत, घरातल्या सर्वांत गार जागी असू द्या. कोंब वर आले की सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको.

फुलून गेलेला कंद पुढच्या वर्षी चालेल का? पुण्यात ती आशा धरू नये. फुलांनंतर पानं कित्येक आठवडे गारव्यात हिरवी राहिली, तरच नवा कंद पोसतो. आपल्याकडे मार्चचं ऊन पानं करपवतं. दिल्लीतल्या रस्त्यांकडेला फुलणाऱ्या ट्यूलिपसाठीही नेदरलँड्सहून कंद मागवावे लागतात. हौसेनं एक कुंडी जरूर करा. पण गच्चीच्या गच्ची त्यानं भरावी, असं मी कुणाला सांगणार नाही.

कारण वैशाखात दुसऱ्या एका कंदाची वेळ असते. निशिगंध, मार्केट यार्डातली गुलछडी. तीही परदेशीच, मेक्सिकोची. पण तिला आपला उन्हाळा मानवतो. एप्रिल-मे हा तिच्या लागवडीचा काळ. जमिनीतून काढून तीन-चार आठवडे सावलीत विसावलेले, 20 ते 30 ग्रॅमचे कंद निवडा. 5 ते 7 सेंटीमीटर खोल आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावा. वास हवा असेल तर एकेरी पाकळ्यांचाच वाण घ्या. दुहेरी दांडी फुलदाणीत देखणी दिसते, पण सुगंधात एकेरीच सरस. तीन वर्षं तो कंद उकरायचीसुद्धा गरज नाही. वैशाखात लावलात, तर पहिल्या दांड्या गणपतीच्या आगेमागे निघतील.