नाव सांगा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकानं आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी गावातल्या फिल्म सोसायटीचं काम बघतो, तेव्हा सिनेमावरच बोलतो. घाबरू नका, घड्याळ समोर ठेवलंय.

'रोमन हॉलिडे' पुष्कळांनी पाहिला असेल. ऑड्री हेपबर्न, स्कूटर, रोमचे रस्ते. १९५३ सालच्या त्या चित्रपटाच्या कथेला ऑस्कर मिळालं आणि ते इयन हंटर या लेखकाच्या हाती गेलं. कथा होती डाल्टन ट्रम्बोची. हंटर त्याचा मित्र. त्यानं नाव उसनं दिलं होतं.

उसनं का लागलं? ट्रम्बो कोलोरॅडोचा. तरुणपणी लॉस एंजलिसच्या बेकरीत कित्येक वर्षं रात्रपाळीला पाव गुंडाळायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. चाळिशीपर्यंत तो हॉलिवूडमधल्या सर्वांत महागड्या पटकथाकारांत गणला जाऊ लागला. पुढे कम्युनिस्ट पक्षात गेला. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीनं त्याला बोलावून विचारलं, तू त्या पक्षाचा सभासद आहेस का, होतास का? त्यानं हो-नाही काहीच सांगितलं नाही. माणसाचं मत काय, तो कुठल्या संघटनेत आहे, हे विचारायचा सरकारला अधिकारच नाही, ही त्याची भूमिका. असे दहा जण होते. संसदेच्या अवमानाबद्दल सगळ्यांना तुरुंगवास झाला. ट्रम्बोनं १९५० मध्ये केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात जवळजवळ वर्ष काढलं. गंमत म्हणजे समितीचे अध्यक्ष पार्नेल थॉमसही पगारपत्रकातल्या लबाडीबद्दल आत गेले, आणि त्या दहांपैकी दोघे त्यांच्याच तुरुंगात होते!

सुटल्यावर स्टुडिओंची दारं बंद. काही काळ मेक्सिकोत राहून तो टोपणनावांनी, पडेल त्या पैशात लिहीत राहिला. १९५७ मध्ये 'द ब्रेव्ह वन'च्या कथेसाठी 'रॉबर्ट रिच'ला ऑस्कर जाहीर झालं, पण त्या नावाचा असा कोणी लेखकच नव्हता. १९६० मध्ये 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'वर त्याचं खरं नाव पुन्हा झळकलं. 'ब्रेव्ह वन'ची बाहुली त्याच्या हातात पडली १९७५ मध्ये. पुढच्याच वर्षी तो गेला. 'रोमन हॉलिडे'ची त्याच्या पत्नीला मिळाली, १९९३ मध्ये.

इथवर वीराची गोष्ट झाली. पण मला दुसरीच एक गोष्ट जास्त छळते. महायुद्धाच्या काळात त्याच्या युद्धविरोधी कादंबरीच्या काही वाचकांनी त्याला पत्रं लिहिली, हिटलरशी तह करा अशा सुराची. ट्रम्बोनं स्वतः एफबीआयला घरी बोलावून ती दाखवली. मग त्याच्या लक्षात आलं, आलेल्या माणसांना त्या पत्रांपेक्षा आपल्यातच रस आहे. हे त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवलं. १९७० च्या एका भाषणात तो म्हणाला की त्या काळात नायक आणि खलनायक शोधू नका, होते ते सगळे बळीच. त्याच्या जुन्या साथीदारांपैकी काहींना ते मुळीच रुचलं नाही. मलाही अर्धंच पटतं.

का, ते सांगतो. १९७६ साल, आणीबाणी, आपण नववीत. गॅदरिंगसाठी एकानं नाटुकलं लिहिलं होतं: राजा कावळ्यांना ओरडायची बंदी करतो. वहीवर नाव नव्हतं. वही ऑफिसात गेली आणि एकेकाला आत बोलावून विचारलं गेलं, कोणी लिहिलं? बाकीचे 'माहीत नाही' म्हणाले. मला दोन मिनिटं लागली नाहीत. मी नाव सांगितलं. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. विचारणाऱ्या सरांचाच आवाज कापत होता, हे मला आठवतं. त्यांनाही वरची भीती असणार.

मित्रा, तुझे वडील सरकारी नोकरीत. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात हात जोडून उभे होते, ते मी व्हरांड्यातून पाहिलं. तू पुन्हा काही लिहिलं नाहीस. आणि संशय गेला भलत्यावरच. त्याच्याशी वर्ग दहावीपर्यंत धड बोलला नाही, मी ते बघत राहिलो. तोही आज आलाय.

तुम्हा दोघांना आधी एकटं गाठून सांगायला हवं होतं. सकाळी चहाच्या वेळी दोनदा जवळ आलो आणि मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलून परत गेलो. म्हणून इथे माइकवर सांगतोय.

माझी दहा मिनिटं संपली. जेवणाच्या वेळी मी डावीकडच्या शेवटच्या टेबलावर बसणार आहे. शेजारच्या दोन खुर्च्या धरून ठेवतो.