आज्ञेपलीकडचे उत्तरदायित्व



ज्याचे पूर्वायुष्य सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये आणि उत्तरायुष्य भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात गेले, अशा माणसास आपण या व्यासपीठावरून बोलण्यासाठी पाचारण केलेत, याबद्दल मी विद्यापीठाचा मनःपूर्वक ऋणी आहे. आज पदवी स्वीकारणाऱ्यांत सैन्यसेवा पुरी करून पुन्हा विद्यार्थी झालेले काही जण आहेत, आणि ज्यांनी गणवेश कधी अंगावर चढवला नाही असे बहुसंख्य आहेत. परंतु तुमच्यापैकी अनेकांच्या मनात स्वतःचा तंत्रोद्योग काढण्याची आकांक्षा आहे, हे मला आपल्या प्राध्यापकांकडून समजले. म्हणून शिस्तबद्ध सेवेतून स्वतंत्र उद्योगाकडे जाणाऱ्या वाटेविषयी, त्या वाटेवर काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे याविषयी, माझे विचार आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि लक्षावधी सैनिक गणवेश उतरवून आपापल्या घरी परतू लागले. पुढच्याच वर्षी, १९४६ साली, परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या तीन संस्था तीन निरनिराळ्या ठिकाणी जन्मास आल्या. अमेरिकेच्या आरमारात शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या गणिती व अभियंत्यांचा जो चमू युद्धकाळी जमला होता, त्याची पांगापांग होऊ नये म्हणून हॉवर्ड एंगस्ट्रॉम, विल्यम नॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरी, युद्धात ग्लायडर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या इमारतीत, ‘इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स’ ही कंपनी थाटली. बोस्टन येथे ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ नावाची नव्या उद्योगांना भांडवल पुरवणारी संस्था निघाली आणि तिची सूत्रे लवकरच ब्रिगेडियर जनरल जॉर्ज डोरिओ यांच्या हाती आली. तिकडे पराभूत जपानात, बाँबवर्षावात होरपळलेल्या टोकियोतील एका दुकानाच्या इमारतीत मासारू इबुका यांनी जी कार्यशाळा मांडली होती, तिची त्या वर्षीच्या मे महिन्यात रीतसर कंपनी झाली, आणि युद्धकाळात आरमारी अधिकारी असताना एका शस्त्रसंशोधन समितीत इबुकांशी परिचय झालेले अकिओ मोरिता तिचे भागीदार झाले. हीच कंपनी १९५८ पासून ‘सोनी’ या नावाने जगास परिचित आहे.

जेते आणि जित, दोघांच्याही मुलखात एकाच वर्षी घडलेल्या या तीन उपक्रमांचा मी पुष्कळ विचार केला आहे. सैनिक उद्योगात यशस्वी झाला की त्याचे श्रेय त्याच्या धैर्यास आणि शिस्तीस देऊन लोक मोकळे होतात. धैर्य व शिस्त हे मोठेच गुण आहेत. परंतु या तीन संस्थांचा इतिहास बारकाईने पाहिला म्हणजे त्याहून अधिक मूलभूत अशी एक गोष्ट ध्यानी येते. आपण घडवलेली वस्तू दूरच्या, आपल्याला न दिसणाऱ्या माणसाच्या हाती पडल्यावर तिचे काय होते, याची जबाबदारी शेवटपर्यंत आपलीच आहे, ही जाणीव म्हणजे ती गोष्ट होय.

ही जाणीव कशी उत्पन्न होते, ते मी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रसंगावरून सांगतो. उत्तर सीमेवरील एका उंच ठाण्यावर हिवाळ्यात बिनतारी संच सांभाळणारा आमचा एक हवालदार राखीव बॅटरी कोटाच्या आत छातीशी धरून निजत असे, कारण त्या थंडीत बॅटरी उघड्यावर राहिली की तिची शक्ती झपाट्याने क्षीण होते. संचाच्या बॅटरीचे झाकण दोन बारीक स्क्रूंनी बसवलेले होते. ते फिरवायचे तर जाड हातमोजा काढावाच लागे, आणि हातमोजा काढून त्या गारठलेल्या धातूला बोटे लावली की कातडी चिकटून सोलवटत असे. ज्या अभियंत्याने ते झाकण आखले त्याची गणिते बिनचूक होती, वजनात काटकसर होती, आत पाण्याचा थेंब शिरत नव्हता. परंतु आखणी करताना त्याच्या डोळ्यांपुढे उबदार खोलीतले, भरपूर उजेडातले, उघडे हात होते. आज आमच्या कारखान्यात नव्या उपकरणाचा पहिला नमुना सिद्ध झाला की, तो आखणाऱ्या अभियंत्यालाच जाड हातमोजे चढवून आणि दिवे मालवून त्याची बॅटरी बदलण्यास सांगितले जाते. त्याला ते सहज जमले तरच नमुना पुढे सरकतो.

जनरल डोरिओ यांच्या कारकिर्दीकडे मी याच दृष्टीने पाहतो. पॅरिसमध्ये जन्मलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या तोफखान्यात होता, पुढे अमेरिकेत जाऊन हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रसदखात्यात सैनिकांचे बूट, पोशाख आणि शिधा यांवरील संशोधन त्याच्याकडे सोपवले गेले. बूट कोणत्या चिखलात, किती थंडीत आणि किती मैल चालल्यावर फाटतो, हा प्रश्न ज्याने सेनापतीच्या मोहिमेइतकाच गंभीर मानला, त्याच्या हाती पुढे भांडवल आले, तेव्हा त्याने कागदावरच्या कल्पनेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, ती कल्पना अंगावर घेणाऱ्या माणसाची पारख केली. १९५७ साली केनेथ ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण अभियंते त्याच्या संस्थेकडे आले. ओल्सन यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे पहिले शिक्षण आरमारातच घेतले होते. संगणकाच्या धंद्यात कोणी पैसा मिळवत नाही असा त्या काळचा समज असल्यामुळे प्रस्तावात संगणकाचा शब्दही काढू नका, असा सल्ला त्यांना मिळाला. आणि अखेर सत्तर टक्के मालकीच्या मोबदल्यात ७०,००० डॉलर त्यांच्या पदरी पडले. मेनार्ड गावातील लोकरीच्या एका जुन्या गिरणीत जागा भाड्याने घेऊन त्यांनी प्रथम प्रयोगशाळांना लागणारे विद्युत्-परिपथांचे सुटे संच बनवून विकले, गिऱ्हाइकाचा विश्वास आणि नफा दोन्ही मिळवले आणि मगच संगणकास हात घातला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या त्यांच्या कंपनीने १९६५ साली बाजारात आणलेल्या पीडीपी-८ या लहान यंत्रामुळे संगणक मोठमोठ्या संस्थांच्या स्वतंत्र दालनांतून निघून सामान्य प्रयोगशाळेच्या आटोक्यात आला, आणि डोरिओ यांच्या संस्थेच्या त्या हिश्श्याचे मोल पुढे तीस कोटी डॉलरांच्याही वर गेले.

आता सेवेतून बाहेर पडणाऱ्याने मागे काय ठेवावे, तेही पाहिले पाहिजे. सेंट पॉलच्या कंपनीपाशी असामान्य बुद्धिमत्ता होती. १९५० च्या डिसेंबरात तिने आरमारास ‘अ‍ॅटलस’ हा संगणक बांधून दिला, आणि हे तेरावे काम असल्यामुळे त्याच्या व्यापारी आवृत्तीस द्विमान पद्धतीतील तेरा, म्हणजे ११०१, हा क्रमांक दिला. परंतु तिचा मुख्य आश्रयदाता एकच होता, आणि त्याचे काम गुप्त असल्यामुळे स्वतःचे सर्वोत्तम कर्तृत्व ती दुसऱ्या गिऱ्हाइकास मोकळेपणाने दाखवूही शकत नव्हती. भांडवल अपुरे पडले आणि १९५२ साली ती कंपनी रेमिंग्टन रँडच्या स्वाधीन झाली. नॉरिस यांना १९५७ साली पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून ‘कंट्रोल डेटा’ ही नवी कंपनी काढावी लागली. तेथेच, युद्धात सैन्याच्या बिनतारी विभागात काम केलेल्या सेमूर क्रे यांच्या हातून १९६४ साली त्या काळचा जगातील सर्वांत वेगवान संगणक निर्माण झाला.

टोकियोच्या कंपनीला तर कोणी आश्रयदाताच उरला नव्हता. इबुकांनी लाकडी पात्राच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून भात शिजवण्याचे विजेचे साधन तयार केले. पाणी आटले की प्रवाह आपोआप खंडित व्हावा, ही त्यातील कल्पना चतुर होती. परंतु तांदळाची जात आणि पाण्याचे प्रमाण बदलले की भात कधी कच्चा राही, तर कधी त्याचा गोळा होई, आणि ते साधन विकले गेले नाही. १९५० साली त्यांनी ध्वनिमुद्रणाचे उत्कृष्ट यंत्र बनवले, तरी गिऱ्हाईक फिरकेना; लघुलेखकांच्या टंचाईने त्रस्त झालेली न्यायालये आणि नंतर शाळा यांची नेमकी गरज मोरितांनी हुडकून काढली, तेव्हा कोठे त्या यंत्राला मागणी आली. लष्करी संशोधन समितीत वस्तू कोणाला हवी आहे, हे वरून ठरून येत असे. बाजारात ते दारोदार हिंडून शोधावे लागते.

या स्थित्यंतराचे मर्म मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला सहज समजेल. शिवछत्रपतींच्या घोडदळात पागेतील बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, आणि दर २५ घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला असे. शिलेदार मात्र स्वतःच्या घोड्यानिशी व स्वतःच्या हत्यारानिशी चाकरीस येई. गणवेश उतरवून उद्योगात पडणारा माणूस पागेतून बाहेर पडून शिलेदार होतो. महिनाअखेरचे पगार, कच्च्या मालाची उधारी, जीएसटीचा भरणा, बँकेचा तगादा, हे सर्व आता त्याचेच आहे. पागेत हुद्द्याच्या बळावर हुकूम सुटत असे आणि तो बजावला जात असे. येथे पंचविशीतला प्रोग्रामर अधिक चांगली संधी मिळताच राजीनामा देऊन जाऊ शकतो, म्हणून त्याला कारण समजावून द्यावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि ते बरोबर असेल तर आपला निर्णय फिरवावा लागतो. आज्ञेची सवय सुटणे कठीण असते, पण ती सुटलीच पाहिजे. उत्तरदायित्वाची सवय मात्र प्राणपणाने जपली पाहिजे.

आपल्या देशात या विषयाला आज विशेष महत्त्व आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत जहाजांची इंजिने शिकलेले, दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात पूल व रस्ते बांधण्यास शिकलेले, सिकंदराबादेत रणगाड्यांची व रडारांची दुरुस्ती शिकलेले सहस्रावधी तंत्रज्ञ उमेदीच्या वयातच निवृत्त होतात; आणि २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेमुळे तर चार वर्षांची सेवा करून ऐन विशीत परतणाऱ्या तरुणांची त्यांत भर पडणार आहे. त्यांपैकी पुष्कळांच्या वाट्यास आजवर पहारेकऱ्याची नोकरी आली, आणि यंत्राच्या अंतरंगाचे दुर्मीळ ज्ञान कारखान्याच्या फाटकावरच थांबले. ही राष्ट्राची हानी आहे, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. संरक्षण खात्याने २०१८ साली आरंभिलेल्या ‘आयडेक्स’ उपक्रमातून लहान तंत्रोद्योगांना सैन्याच्या अडचणी सोडवण्यासाठी अर्थसाहाय्य मिळू लागले आहे, हे स्वागतार्ह आहे. तथापि सेंट पॉलचा अनुभव स्मरून, एकाच खरेदीदाराच्या भरवशावर आपला संसार उभारू नका, असा सावधगिरीचा इशारा मी अवश्य देईन.

स्नातकहो, तुमच्यापाशी गणित आहे, प्रोग्रामिंग आहे, नव्या साधनांची ओळख आहे. वस्तू कोठे आणि कशी मोडते याचा अनुभव मात्र अद्याप यायचा आहे. सेवानिवृत्त तंत्रज्ञापाशी तो अनुभव आहे, पण त्याला आखणीत उतरवणारी नवी विद्या त्याच्यापाशी नसेल. या दोघांनी भागीदारी करावी, ही माझी आजची कळकळीची विनंती आहे. तुम्ही उद्योग काढाल तेव्हा अशा एका माणसाला फाटकावर उभे न करता आखणीच्या टेबलाशी शेजारी बसवा आणि त्याच्या नावे कंपनीचा हिस्सा लिहून द्या. आणि तुमच्यातील जे गणवेश उतरवून आले आहेत, त्यांनी हुद्द्याचा मान बाजूस ठेवून आपल्याहून वयाने लहान अशा सोबत्यांकडून शिकण्याची तयारी ठेवावी. तुमची वस्तू शेतकऱ्याच्या विहिरीवर, परिचारिकेच्या रात्रपाळीत, नाहीतर सीमेवरच्या ठाण्यावर जाईल. तेथे ती बंद पडली तर तक्रारीची वाट न पाहता स्वतः जा, ती उघडा आणि कारण सापडेपर्यंत तेथून हलू नका. असे काम तुमच्या हातून घडो, त्यासाठी तुम्हांस दीर्घ आयुष्य, उत्तम आरोग्य आणि विश्वासू सहकारी लाभोत, असे चिंतून मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक अभिनंदन करतो.

जय हिंद.