डॉक्टरांपुढे पिशवी उघडा

आज बोलायचंय हृदयाच्या दुखण्याबद्दल, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेल्या औषधांबद्दल. अर्जुनाच्या सालीचा काढा, लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, आणि मुलानं पुण्याहून पाठवलेला तो मोठा डबा, ज्यावर लाल बदाम काढलेला असतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सिडको-हडको असो की मुकुंदवाडी, यातलं एखादं तरी घरोघर सापडतं. सापडत नाही ते हृदयाच्या डॉक्टरांच्या कागदावर.

आम्ही काही जणी वस्तीतल्या बायकांसोबत दवाखान्यात जातो. केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं, आत गेल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायचं, एवढंच आमचं काम. त्यात एक गोष्ट फार वेळा पाहिली. डॉक्टर विचारतात, "दुसरं काही घेता का?" बाई मान हलवते, "नाही जी." आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलो की हळूच सांगते, "सहा महिने झाले, अर्जुनाचा काढा चालू आहे. पण त्यांना कशाला सांगायचं? रागावतील."

न सांगण्याची कारणं आम्ही ऐकली ती अशी. डॉक्टर रागावतील, हे पहिलं. झाडपाला म्हणजे काही औषध नव्हे, तो सांगायचा कशाला, हे दुसरं. तिसरं जरा नाजूक आहे. डबा जावयानं आणलेला असतो, किंवा नणंदेनं ओळखीतून घ्यायला लावलेला असतो. डॉक्टर "बंद करा" म्हणाले तर घरात काय तोंड दाखवायचं? या तिसऱ्या कारणाबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, पण आमच्या मते सगळ्यात जास्त गप्प बसणं त्याच्यामुळेच होतं. शिवाय एक आहे. नवऱ्याच्या तपासणीला गेलेली बाई त्यांच्या खाण्यापिण्याचा सगळा हिशेब देते, स्वतःच्या वेळी मात्र "मला काय होतंय" म्हणून मोकळी होते.

आता न सांगितल्यानं नेमकं काय बिघडतं ते बघू. झडप बदललेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. लहानपणी घसा सुजून ताप आला, सांधे धरले, त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. अशा बाईला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेकींना अ‍ॅसिट्रॉम असते, काहींना वॉरफेरिन. ती बरोबर लागू पडते की नाही हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनं कळतं. झडप कुठली, त्यानुसार तो आकडा साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवतात. खाली गेला तर झडपेवर गाठ धरते, झडप अडकू शकते, गाठ मेंदूत गेली तर लकवा. वर गेला तर रक्तस्राव.

ही गोळी शरीरातल्या व्हिटॅमिन के विरुद्ध काम करते. पालक, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांत ते भरपूर असतं. भाजी सोडायची नाही, रोजच्यासारखी सारख्या प्रमाणात खायची. पण समजा, एका बाईनं कुणाचं ऐकून रोज पेलाभर पालेभाज्यांचा हिरवा रस सुरू केला. आयएनआर खाली येतो. डॉक्टरांना रसाचं माहीत नाही, ते गोळी वाढवतात. पंधरा दिवसांनी रसाचा कंटाळा येतो आणि तो बंद होतो. वाढवलेली गोळी चालूच असते. आता आकडा वर चढतो, हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत अंगावरून जास्त जातं, जरा कुठे लागलं की काळानिळा डाग पडतो. गोळी देण्यात डॉक्टरांचं चुकलं नाही, रसातही विष नव्हतं. मधली माहिती तेवढी कुणी दिली नाही. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, गिंको, माशाचं तेल हे रक्त पातळ करण्याच्या बाजूनं भर घालू शकतात. फोडणीतला लसूण आणि भाजीतली चिमूटभर हळद यांची भीती नको. प्रश्न आहे तो कॅप्सूलमध्ये कोंबलेल्या अर्काचा.

अशा आणखी जोड्या आहेत. ज्येष्ठमध घशाला चांगलं म्हणून आपण काढ्यात सढळ हातानं टाकतो. रोज आणि बरंच घेतलं तर ते रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. हृदय अशक्त झालेल्या माणसाला लघवीची गोळी आणि डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम कमी होणं धोक्याचं. नारळपाण्याचं उलटं. त्यात पोटॅशियम जास्त. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम शरीरात साठवतात, आणि मूत्रपिंड थोडं जरी कमजोर असलं तरी ते इतकं चढू शकतं की ठोके बिघडतात. म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना प्रेमानं नेलेलं शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारून.

मग मैत्रिणी विचारतात, "पण याचा फायदा तर होतो ना?" प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. अर्जुनाची साल आयुर्वेदात हृदयासाठी पूर्वीपासून सांगितलेली आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हृदय अशक्त झालेल्या शंभर रुग्णांवर बारा आठवडे तिची नीट परीक्षा केली, ती २०१६ साली छापून आली. हृदयाचं पंपिंग सुधारलं नाही. चालण्या-फिरण्याच्या ताकदीत काहींना थोडा फरक वाटला. म्हणजे अर्जुन अगदी टाकाऊ ठरला नाही, पण गोळ्या सोडून त्याच्यावर भरवसा ठेवावा असंही काही दिसलं नाही. व्हिटॅमिन ईचं तर २००० सालीच कळलं. नऊ हजारांहून जास्त लोकांना चार-साडेचार वर्षं देऊन पाहिलं, हार्ट अटॅक टळले नाहीत. तरी त्या हिरव्या कॅप्सूल अजून 'ताकदीच्या' म्हणून घेतल्या जातातच.

कोलेस्टेरॉलसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ साली एक सरळ परीक्षा केली. १९० लोक, अठ्ठावीस दिवस. काहींना रोसुव्हास्टॅटिनची अगदी कमी, पाच मिलिग्रॅमची गोळी. काहींना माशाचं तेल, काहींना दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींचे स्टेरॉल किंवा लाल यीस्टचा तांदूळ, आणि काहींना नुसती खोटी गोळी. स्टॅटिनवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल अडतीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. बाकी सगळे खोट्या गोळीच्याच पंगतीत बसले. लाल यीस्टच्या तांदळाची गंमत अशी की त्यात निसर्गतःच एक स्टॅटिन असतं, पण कुठल्या डब्यात किती, याचा नेम नाही. आधीच स्टॅटिन घेणाऱ्यानं वर हे घेतलं तर डोस दुप्पट होऊन अंग ठणकायला लागू शकतं, आणि आपण म्हणणार, "बघा, ॲलोपथीनं अंग दुखतंय."

माशाच्या तेलाचं जरा समजून घ्या. २०१८ साली एका मोठ्या अभ्यासात फायदा दिसला, पण ते शुद्ध केलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध होतं, रोज चार ग्रॅम, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांनाच दिलेलं. त्यातही ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं वाढलं. आपल्या दुकानातली साधी एक ग्रॅमची कॅप्सूल म्हणजे ते औषध नव्हे. को-क्यू-टेनबद्दल २०१४ मध्ये एक चांगला निष्कर्ष आला, चारशेवीस रुग्णांवरचा. म्हणून काही डॉक्टर हृदय अशक्त असलेल्यांना ते घेऊ देतात. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर ते कमी करू शकतं. इथेही विचारल्याशिवाय नाहीच.

मोबाइलवरच्या निरोपांबद्दल जास्त बोलत नाही. लिंबू, आलं, लसूण, व्हिनेगर आणि मध उकळून 'ब्लॉकेज उघडणारा' रस, पिंपळाच्या पंधरा पानांचा काढा, हे तुमच्याही मोबाइलवर आलं असेल. नळीतला चुन्यासारखा घट्ट थर असा विरघळत नाही. दुधीच्या रसाबाबत मात्र एक लक्षात ठेवाच. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं. २०१० साली दिल्लीत दुधी-कारल्याचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि नंतर आयसीएमआरच्या समितीनं सांगितलं की कडू रस पिऊ नका, त्यात दुसरा रस मिसळू नका, पिऊन उलटी-जुलाब झाले तर लगेच दवाखाना गाठा. कारलं मिसळलं की दुधीचा कडूपणा कळतच नाही, म्हणून मिसळायचं नाही. आधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा. भाजीला चिरतानाही आपल्या आज्या हेच करायच्या.

डब्यावर काय छापलंय तेही बघा. अशा पूरक गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं लिहावं लागतं, म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही. पुढच्या बाजूला बदाम, मागच्या बाजूला हे. आणि हृदयरोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. जो छातीठोकपणे 'गॅरंटी' देतो, तो कायदा मोडतोय एवढं तरी ओळखा.

आता डॉक्टरांशी बोलायचं कसं. घरातलं जे जे पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घाला. रिकामा डबासुद्धा. सुटं चूर्ण घेतलं असेल तर चिमूटभर कागदात बांधा आणि वर नाव लिहा. डॉक्टरांपुढे जाऊन पिशवी टेबलावर मोकळी करा. "घेऊ का?" असं विचारू नका, कारण त्याला घाईत "नको" एवढंच उत्तर येतं. "दोन महिन्यांपासून घेते आहे, सकाळी एक चमचा," असं सांगा. वेळ कमी असतो, बाहेर रांग असते, म्हणून हे वाक्य आधीच कागदावर लिहून न्या. मराठीत लिहिलं तरी चालतं.

डॉक्टर म्हणाले "फेकून द्या", तर एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या गोळ्यांशी याचं भांडण आहे, की नुसता उपयोग नाही?" भांडण असेल तर आजपासून बंद. आणि बंद केल्यावर गोळीचा डोस किंवा तपासणीची तारीख बदलायची का, तेही तिथेच विचारा. नुसता उपयोग नसेल तर तो तुमच्या पैशाचा प्रश्न, घाबरण्याचा नाही. आणि घरच्यांना सांगताना "डॉक्टरांनी माझ्या गोळीशी जुळत नाही म्हणून थांबवलंय" असं सांगा. जावयाचा डबा वाईट ठरत नाही, कुणाचं मन दुखत नाही. हे वाक्य आमच्या वस्तीत बऱ्याच जणींना उपयोगी पडलंय.

वैद्यांकडे जात असाल तर तिथेही हीच पिशवी, ॲलोपथीच्या गोळ्यांसकट. दाताचं किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं. काही पूरक गोळ्या ऑपरेशनच्या एक-दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं कधीही थांबवायची नाही.

पैशाचं बोललंच पाहिजे. महिन्याला हजार-दीड हजाराचे डबे घेणाऱ्या घरात आम्ही रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतलेली पाहिली आहे, "पुरवून वापरतो" म्हणून. खरं तर हृदयाच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक नावानं जनऔषधी दुकानात त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळतात. स्टेंट टाकलेल्या माणसानं क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन 'आता नैसर्गिक घेतोय' म्हणून लवकर सोडली तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते. त्या दोन्ही गोळ्या एकत्र किती महिने घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतात, बहुधा सहा ते बारा महिने, काहींना त्याहून जास्त. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

आणि दम लागला, घाम फुटला, जबडा, पाठ किंवा हात दुखायला लागला, मळमळलं, तर बायका ओवा-सोडा घेऊन आडव्या होतात. बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत जोरात दुखेलच असं नाही. अशा वेळी काढा उकळायला ठेवायचा नाही. १०८ ला फोन लावायचा, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाराची कडी काढून, फाइल आणि ती पिशवी हाताशी घेऊन बसायचं.